उजव्या रकान्यातलं नाव

मुलाच्या लग्नाची पत्रिका मीच करणार, हा हट्ट माझा होता. मुलगा म्हणाला, "आई, करून देनारे पुष्कळ हायेत. तू कायले डोकं खपवून राहिली?" पण अमरावतीत राजापेठेच्या पुढं आमचं टायपिंगचं अन् पत्रिका छापायचं दुकान होतं. उमेदीची वर्षं मी त्या दुकानात घातली. लोकांच्या लेकरांच्या पत्रिका मी करायच्या अन् माझ्या लेकराची दुसऱ्यानं करायची, हे काही मला पटेना.

दुकान आता नाही. लोक फोनवर पत्रिका पाठवायला लागले तसं गिऱ्हाईक आटलं, आणि यांच्या गुडघ्यांनी यांना घरी बसवलं. मग मी व्हिडिओ पाहत पाहत वेबपेज करायला शिकले. शिकवणारं कोणी नाही. लिहायचं, पाहायचं, बिघडलं की पुसायचं, पुन्हा लिहायचं. एचटीएमएलमध्ये पानावर काय काय आहे ते लिहायचं, आणि सीएसएसमध्ये ते कसं दिसायचं, कुठं बसायचं, किती जागा घ्यायची ते. हे मला नीट समजलं त्या दिवशी मी शेजारणीला सांगितलं, की बाई, एक म्हणजे सैंपाक अन् दुसरं म्हणजे ताट वाढणं. ती म्हणाली, "मंग मीठ कुठं वाढाचं थे बी लिवा लागते का?" मी म्हटलं हो, तेही लिहावं लागतं, नाही लिहिलं तर ते भाताच्या डोक्यावर जाऊन बसतं.

असं सगळं गमतीत चाललं होतं. त्या गमतीतच मी पत्रिकेला हात घातला.

मुलगी अकोल्याची. वडील तिच्या लहानपणीच गेले. आई नर्स आहे, पातूरकडच्या खेड्यांमधून तिनं नोकरी केली आणि दोन्ही पोरींना शिकवलं. आमच्यात लग्न वंदना घेऊन, पंचशील म्हणून होतं. मुहूर्ताची भानगड नाही, मानपानाची नाही. निदान नसावी, असं आपण म्हणतो. बोलणी करायला आम्ही अकोल्याला गेलो तेव्हा ईनबाईनं, म्हणजे मुलीच्या आईनं, काहीच मागितलं नाही. चहा झाला, तारीख झाली, लॉन कोणता घ्यायचा ते झालं, आणि आम्ही उठणार तेवढ्यात ती म्हणाली,

"बाकी तुमच्या मनानं करा. माहं एकच म्हननं हाये. निमंत्रक म्हनून पत्रिकेत माहं नाव पायजे. दिराचं नाही."

मी म्हटलं, "तुमचंच राहीन, दुसरं कोनाचं राहीन?"

"मोठ्या पोरीच्या वक्ती दिराचं टाकलं होतं. बाई एकटी हाये, बरं दिसत नाही म्हने. लग्नात मी वाढून राहिली होती, तं एक पावनी मले इचारते, तुमी नवरीच्या कोन?"

हे तिनं काही रडून सांगितलं नाही. बशीत सुपारी पुढं करत सांगितलं. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "ईनबाई, पत्रिका मी सोता करनार हाये. तुमचं नाव माह्या नावाच्या बरोबरीनं राहीन." मला आठवतं, हे बोलताना मला माझंच फार कौतुक वाटत होतं.

पान मी आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर बनवलं. दुकानातली सवय हाताला. मधोमध दोघांची नावं, त्याखाली दोन रकाने, डावीकडे आमची बाजू, उजवीकडे त्यांची. डाव्या रकान्यात सगळ्यात वर मी आणि हे, उजव्या रकान्यात सगळ्यात वर ईनबाई, एका ओळीत, बरोबरीनं. आणि तळाला आडवी पट्टी, तिच्यात लॉनचा पत्ता आणि संपर्काचे फोन. अकोल्याकडचा फोन दिराचा होता. तो ईनबाईनंच द्यायला सांगितला होता, कारण तिची ड्यूटी, अन् रस्ता समजावून सांगायला दीर बरा. कॉम्प्युटरवर पान असं उठून दिसत होतं की मी यांना दोनदा बोलावून दाखवलं.

फोनवर उघडलं तर अक्षरं मुंगीच्या पायासारखी. सगळं होतं, पण वाचायचं तर दोन बोटांनी ताणावं लागे. एका व्हिडिओत सांगितलं की व्ह्यूपोर्टची एक ओळ वर लिहा, म्हणजे फोनला कळतं की आपण फोन आहोत. लिहिली. अक्षरं मोठी झाली, पण पान फोनच्या बाहेर गेलं. अंगठा लावला की डावीकडे सरके, सोडला की उजवीकडे पळे. का तर मी रकान्यांची रुंदी पिक्सेलमध्ये पक्की लिहिली होती, कॉम्प्युटरच्या पडद्याच्या मापाची. दुकानात कागद ठरला की माप ठरलं, मग ते कोणाच्या बापाला बदलत नाही. इथं तर ज्याच्या त्याच्या हातात वेगळ्या मापाचा कागद. हे मला कळायला पाहिजे होतं.

त्याऐवजी मी सोपं ते केलं. त्याच व्हिडिओखाली कोणीतरी लिहिलं होतं, पान हलत असेल तर ओव्हरफ्लो हिडन लिहा. म्हणजे जे मापाच्या बाहेर जातं ते दाखवूच नका. मी लिहिलं. पान थांबलं. एकदम शांत, गुणी. मी फोन हातात घेऊन पाहिलं, दोघांची नावं, मग माझं नाव, यांचं नाव, मोठे जेठ, जाऊबाई, धामणगावचा माझा भाऊ, खाली पत्ता, फोन. छान वाटलं. आणि मी ते सगळ्यांना पाठवून दिलं.

मी माझं नाव पाहिलं. यांचं पाहिलं. आणि फोन ठेवला. यापुढं मी काहीही सांगितलं तरी एवढं राहतंच.

धामणगावहून भावाचा फोन आला, "ताई, तू तं इंजिनियर झाली वं." आमच्या गल्लीतल्या बायकांनी वाहवा केली. अकोल्याहून मात्र काही आलं नाही. मी यांना म्हटलं, लग्नघर आहे, वेळ कुठं असेल.

मग बस्त्याला आम्ही अकोल्याला गेलो. लग्नाची कापडं घ्यायची तर दोन्हीकडच्या बायका एकत्र बसून घ्यायची, ही आमच्याकडची रीत. हे दुकानाबाहेरच खुर्चीवर बसले. आत पांढऱ्या गादीवर मी, ईनबाई, तिची धाकटी बहीण आणि होणारी सून. ईनबाई नेहमीपेक्षा कमी बोलत होती. तिची बहीण नेहमीपेक्षा जास्त. साड्या दाखवणाऱ्या माणसानं गठ्ठा सोडता सोडता विचारलं, "पहिले नवरीच्या आईची काढतो. कोन हाये नवरीची आई?"

बहीण म्हणाली, "पत्रिकेत तं कोनीच नाही बाप्पा. नवरीच्या काकाले नेसवा लागते आता लुगडं."

सून म्हणाली, "मावशी, राहू दे न." ईनबाईनं मान वर केली नाही.

मी विचारलं, "म्हंजे?"

"म्हंजे काय ईनबाई, तुमीच केली न पत्रिका?"

"केली. हाये की नाव. उजवीकडं, सगळ्याईच्या वर."

"दाखवा मंग."

मी पिशवीतून फोन काढला आणि अगदी ऐटीत पान उघडलं. डावीकडे मी. माझ्या उजवीकडे फोनची कड. मी बोटानं पान सरकवायला गेले, ते हललं नाही. पुन्हा सरकवलं. कसं हलेल, मीच ते बांधून ठेवलं होतं. खाली गेले तर तळाच्या पट्टीत नवरीच्या काकांचं नाव आणि फोन, ठळक अक्षरांत. नवरीकडचं म्हणून त्या अख्ख्या पत्रिकेत तेवढं एकच माणूस.

"कॉम्प्युटरवर बराबर दिसते," मी म्हटलं.

"असं का," बहीण म्हणाली. "मंग पावन्याईले सांगा लागीन. लग्नाले येतानी घरचा कॉम्प्युटर घेऊन येजा."

साड्यावाला हसला आणि त्यानं तोंड साडीच्या घडीत लपवलं. माझे कान इतके तापले की मला वाटलं बाहेर बसलेल्या यांनाही दिसत असतील.

ईनबाई एका साडीचा काठ बोटांत धरून बसली होती. म्हणाली, "तुमचं नाव दिसते न त्याच्यात?"

मी म्हटलं, "दिसते."

"मंग तुमी पाह्यलंच असन."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी काहीतरी बोलले असते, टोमण्याला उत्तर देता येतं. तिनं नुसतं विचारलं, आणि मग तिनं सांगितलं की पातूरहून दिराचा फोन आला होता. म्हणे, वहिनी, तुमच्या ईवाई-ईनबाईनं बरं केलं, रीत सांभाळली. आरोग्य केंद्रावरच्या आशाताईंनी विचारलं होतं, सिस्टर, ह्या बी वक्ती नाही का टाकलं? ह्या बी वक्ती, हे तीन शब्द मला साडीच्या दुकानात गिळता येईनात. साड्या घेतल्या. कोणत्या घेतल्या ते मला आज विचाराल तर सांगता येणार नाही.

मला वाटत होतं अमरावतीला जावं, दार लावून एकटीनं ते पान दुरुस्त करावं आणि काही झालंच नाही असं दाखवावं. पण सून म्हणाली, "आई, माह्याकडं लॅपटॉप हाये. इथंच करा न." डाबकी रोडला ईनबाईच्या घरी आम्ही आलो. मी लॅपटॉपपुढं, ईनबाई शेजारी हातात फोन घेऊन, आणि बहीण समोर मांडी घालून, जशी परीक्षेला बाई बसते तशी.

आधी मी ती ओव्हरफ्लोची ओळ काढली. "पाहा आता." ईनबाईनं पान ताजं केलं. ते पुन्हा झुलायला लागलं आणि उजव्या कडेला तिचं नाव डोकावलं, अर्धं.

"अर्धी आली," बहीण म्हणाली.

मग मी पिक्सेलची पक्की रुंदी काढली आणि तिथं मॅक्स-विड्थ लिहिलं. म्हणजे जास्तीत जास्त एवढी, जागा कमी असेल तर गुमान आवरून बस. आणि मीडिया क्वेरी लिहिली, की पडदा अरुंद असेल तर रकाने शेजारी ठेवायचे नाहीत, एकाखाली एक ठेवायचे. व्हिडिओतले शिकवणारे इथपर्यंत आणून सोडतात आणि म्हणतात, झालं तुमचं पान रिस्पॉन्सिव्ह, कुठल्याही पडद्यावर बसणारं. मीही म्हटलं, "झालं. पाहा."

ईनबाईनं अंगठ्यानं पान वर सरकवलं. माझं नाव आलं. यांचं आलं. जेठ, जाऊबाई, नणंदा, त्यांचे मालक, धामणगावचे मामा, मग लहान पोरांची ती ओळ, आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं. अंगठा सरकतच होता. मग तिचं नाव आलं.

"आली बाप्पा," बहीण म्हणाली. "पंगत उठल्यावर आली."

मी त्या पडद्याकडे पाहत राहिले. पान काही चुकीचं नव्हतं. जसं सांगितलं तसं केलं होतं त्यानं. चुकीची माझी कातरी होती. मी मुळात पान दोन घरांमध्ये कापलं होतं, एक खोकं आमचं, एक खोकं त्यांचं. कागदावर ती दोन शेजारी बसतात म्हणून बरोबरीची वाटतात. फोनला शेजार नाही. फोनला फक्त वर आणि खाली आहे, आणि तिथं एक अख्खं घर दुसऱ्या घराच्या पायाशी जातं. हे नुसत्या सीएसएसनं सुटणार नव्हतं. सैंपाकच वेगळा मांडायला हवा होता.

म्हणून मी दोन्ही खोकी फोडली. बोलावणारे तेवढे एका खोक्यात घेतले, ईनबाई, मी, हे. त्याखाली दोन्हीकडचे नातलग वेगळे. मोठ्या पडद्यावर ग्रिड, म्हणजे रकान्यांची चौकट, लावून बोलावणाऱ्यांना शेजारी शेजारी बसवलं. फोनवर ते एकाखाली एक येणार, तर पहिलं कोण, हे आता मला लिहावंच लागणार होतं. मी ईनबाईचं लिहिलं.

"तुमचं राहू द्या न वर," ती म्हणाली. "वरपक्ष हाये तुमचा."

"कोनाले तरी खाली जाच लागते, ईनबाई. मी जाते."

"जाऊ द्या त्याईले," बहीण म्हणाली. पहिल्यांदाच ती जरा हसली. "पन आता लोक म्हनतीन, पत्रिका नवरीवाल्याईनंच केली."

मग तिनं आपला फोन पुढं केला. डोळ्यांमुळे तिनं फोनची अक्षरं मोठी करून ठेवलेली. तिथं ईनबाईचं नाव दोन ओळींत मोडलं आणि आडनाव खोक्याच्या खाली लोंबलं, कारण खोक्याची उंची मी ठरवून टाकली होती. तीही काढली. जेवढं नाव तेवढं खोकं. अक्षरांचं मापही असं लिहिलं की ज्यानं त्यानं आपल्या फोनवर जेवढं मोठं ठेवलंय त्याच्या हिशोबानं ते वाढावं. मग सुनेचा फोन पाहिला, उभा आणि आडवा. माझा पाहिला. यांचा पाहिला, ते झोपले होते, खिशातून काढून घेतला. सगळीकडे ईनबाई वर होती, पूर्ण होती. मी विचारलं, "दिराचं नाव खालून काढू का?"

"काहून? राहू द्या. रस्ता त्याईलेच सांगता येते."

एवढं झालं आणि मला जरा श्वास आला, तर सून म्हणाली, "पण आई, ज्यांनी एकदा उघडली ते पुन्हा कायले उघडतीन?" खरं होतं. त्यातून दिरानं तर त्या जुन्या पानाचा फोटो काढून आपल्या स्टेटसला ठेवला होता, आणि तो फोटो किती जणांकडे गेला कोण जाणे. माझं पान मी बदलू शकत होते. फोटो बदलता येत नाही. कागदावर चूक छापली की दुकानात आम्ही गठ्ठा परत घेऊन जाळत होतो. हे कुठून परत आणायचं?

मी म्हटलं, दोन्हीकडच्या ग्रुपवर लिहिते. लिहिलं आणि पाठवायच्या आधी ईनबाईला वाचायला दिलं. "तांत्रिक कारणामुळे पत्रिकेत वधूच्या आईचे नाव दिसत नव्हते. नवीन पत्रिका पाहावी."

तिनं वाचलं आणि फोन परत दिला.

"तांत्रिक म्हंजे कोन?" तिनं विचारलं.

मी ते पुसलं. "माझ्या हातून" असं लिहिलं, खाली माझं नाव लिहिलं, आणि पाठवलं. आमच्याकडच्या ग्रुपवर जाऊबाईंनी लगेच हात जोडलेलं चित्र टाकलं. त्याचा अर्थ काय ते मी अजून विचारलं नाही.

मी निघायला उठले तेव्हा ईनबाई म्हणाली, "उद्या पातूरले जाऊन राहिली मी, दिराकडं, आमंत्रण द्याले. तुमी चालता?" बोलावणं होतं की शिक्षा, मला कळलं नाही. मी यांना एकट्यांना अमरावतीच्या गाडीत बसवून दिलं आणि राहिले.

पातूरला दिराचं घर म्हणजे पुढं अंगण, पत्र्याखाली बाज, बाजेवर ईनबाईची सासू. तिला कमी ऐकू येतं. दीर भला माणूस, निदान तोंडावर तरी. पाणी दिलं, माझी विचारपूस केली. ईनबाई म्हणाली, "भाऊजी, पत्रिका पुन्हा पाहा. आता बराबर झाली."

त्यानं फोन काढला, पान उघडलं, आणि मी पाहत होते, त्याचा अंगठा वरच्याच नावावर थांबला. मग म्हणाला, "माहं नाव खाली गेलं का?"

"खालीच होतं तुमचं," ईनबाई म्हणाली. "संपर्काले. सगळे फोन तुमालेच येनार हायेत, लक्षात ठेवजा."

"असं हाये काय," तो म्हणाला. त्याला बरं वाटलं की वाईट, ते काही दिसलं नाही. त्याच्या आईनं बाजेवरून हात हलवला, काय आहे म्हणून. त्यानं तिच्यापुढं फोन धरला, पण तिला अक्षर वाचता येत नाही. "माहा चष्मा आत हाये," तो म्हणाला, आणि उठला नाही.

ईनबाईनं त्याच्या हातातून फोन घेतला आणि माझ्याकडे दिला. "तुमीच वाचा. तुमी केली."

मी वाचलं. निमंत्रक, आणि तिचं नाव. तिचं, मालकाचं, आडनाव, जसं लिहितात तसं.

"कोनाचं?" म्हातारी म्हणाली.

मी जरा मोठ्यानं वाचलं. आतून ईनबाईची जाऊ पिठाचे हात घेऊन दारात आली. शेजारच्या अंगणातली बाई कुंपणाशी थांबली. परक्या गावात, परक्या अंगणात मी शाळेतल्या पोरीसारखी उभी राहून वाचत होते.

म्हातारी पुढं सरकली. तिनं माझं मनगट धरलं. "मंधातलं पुन्हा म्हन," ती म्हणाली.

मधलं नाव तिच्या गेलेल्या लेकाचं. बाईच्या नावाच्या मधे नवऱ्याचं असतंच, मी हजारो पत्रिकांवर ते टाईप केलेलं, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की तो रकाना कापला तेव्हा तोही गेला होता. ईनबाई पत्र्याच्या खांबाला टेकून दुसरीकडे पाहत होती. ज्या माणसाला मी कधी पाहिलं नाही, त्याचं नाव मी त्याच्या आईच्या कानाशी वाकून म्हटलं. तिनं माझं मनगट सोडलं नाही, म्हणून पुन्हा म्हटलं.